व्यक्तिचित्रणाचा सराव आणि सोबत बसणारी माणसे

या वेळी आलेल्या पत्रांत व्यक्तिचित्रण आणि मानवाकृती-रेखाटन या विषयांवरील प्रश्न अधिक आहेत. ते विचारणारे बहुतेक वाचक कलामहाविद्यालयात गेलेले नाहीत. नोकरी किंवा घर सांभाळून, दोघे-चौघे एकत्र जमून ते सराव करतात. म्हणून हे सदर या एकाच विषयाला दिले आहे. काही पत्रे मोठी होती, त्यांतील मूळ प्रश्न तेवढा येथे घेतला आहे आणि नावांऐवजी फक्त गाव दिले आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, त्यानंतर थेट आता पेन्सिल हाती घेतली. मोबाइलमधील फोटोवरून काढलेली चित्रे घरच्यांना ओळखू येतात, मात्र पत्नीला समोर बसवून काढले की चेहरा जुळत नाही. नाक, डोळे, ओठ वेगवेगळे पाहिले तर बरे वाटतात. चूक कोठे होत असावी? (नाशिक)

उत्तर : अवयव सुटे पाहिले तर बरे आणि चेहरा मात्र परका, असे होते तेव्हा दोष बहुधा अवयवांमधील अंतरांत आणि डोक्याच्या एकूण घडणीत असतो. ओळखीचा माणूस रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला दिसला, तरी त्याचे नाक-डोळे स्पष्ट होण्याच्या कितीतरी आधी आपण त्याला ओळखतो. ती ओळख डोक्याचा आकार, मानेचा कल आणि खांद्यांची ठेवण यांवरून पटलेली असते. कागदावरही साम्य याच क्रमाने आणावे लागते, आणि सुरुवातीला आपण सगळेच नेमका उलटा क्रम धरतो, म्हणजे डोळ्यापासून सुरुवात करून बाकीचा चेहरा त्याभोवती बसवत जातो.

फोटोवरून चित्र जमते याचे कारण असे, की समोरच्या भरीव डोक्याला सपाट करण्याचे काम कॅमेऱ्याने आधीच केलेले असते. शिवाय ते काम तो नेहमी नीट करतो असेही नाही. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याला सर्वांत जवळ असलेले नाक प्रमाणाबाहेर मोठे होते आणि कान लहान होऊन मागे सरकतात. अशा फोटोंवरून सराव केलेल्या हाताला तीच प्रमाणे खरी वाटू लागतात. म्हणून पत्नींना समोर बसवताना स्वतःची खुर्ची पाच-सहा फूट दूर ठेवा, त्यांचा आणि तुमचा डोळा साधारण एका उंचीवर येईल असे पाहा आणि प्रकाश एकाच बाजूने, शक्यतो खिडकीतून येऊ द्या. छताच्या ट्यूबलाइटखाली चेहऱ्यावरच्या छाया पुसट होतात आणि मग घडण दिसतच नाही.

आता चित्राचा क्रम. प्रथम टाळू आणि हनुवटी यांच्या दोन खुणा करा आणि त्या जोडणारी रेषा किती कललेली आहे ते ठरवा. अगदी सरळ बसलेल्या माणसाचेही डोके थोडे कललेले असते, आणि तो कल सुटला की चेहऱ्यातील त्या माणसाचे वागणेच सुटते. मग मानेची आणि खांद्यांची दिशा घ्या. डोळ्यांची रेषा टाळू आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर असते, हे तुम्ही वाचले असेल. तरीही नवशिक्यांच्या चित्रात डोळे वर चढतात, कारण कपाळावर आणि केसांत ‘काढण्यासारखे’ काही नाही असे समजून ती जागा आपण आखडती घेतो. कानामागचा कवटीचा भागही असाच उपेक्षित राहतो. यानंतर डोळे किंचित मिटून पाहा आणि डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, खालचा ओठ आणि हनुवटीखालचा भाग यांवरील सावली एकाच सलग आकारात भरून टाका. हा एवढा भाग बरोबर आला तर चित्रात पापणीचा एक केसही नसताना चेहरा ओळखू येतो. तो येईपर्यंत पुढे जाऊ नका, हाच माझा आग्रह आहे.

मोजण्याची सवय लावून घ्या. हात कोपरात न वाकवता पेन्सिल पुढे धरावी, एक डोळा मिटावा आणि अंगठ्याने माप घ्यावे. हात वाकला तर प्रत्येक वेळी माप बदलते. दर दहा मिनिटांनी उठून चित्रापासून दूर उभे राहा, किंवा चित्र आरशात पाहा. जी चूक जवळून तासभर दिसत नाही ती आरशात लगेच दिसते, कारण डोळ्याला झालेली चित्राची सवय तेथे मोडते.

पत्नी समोर बसायला तयार आहेत, ही फार मोठी सोय आहे. चित्रकार वासुदेव कामत यांना २००६ साली पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या स्पर्धेत ड्रेपर पुरस्कार मिळाला, तो त्यांनी काढलेल्या पत्नीच्याच व्यक्तिचित्राला. चित्रकार सावळाराम हळदणकरांच्या ज्या जलरंगचित्रात एक तरुणी हाताने दिव्याची ज्योत आडोशात धरून उभी आहे, त्यासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हे चित्र अनेकजण चुकून रविवर्म्याचे समजतात. रोज दिसणाऱ्या माणसाचा चेहरा आपण पाहत असतो ही समजूत किती कच्ची आहे, हे त्याला कागदावर उतरवू लागल्यावरच कळते, आणि एकाच चेहऱ्याचे सलग अनेक अभ्यास करण्याइतके शिकवणारे दुसरे काही नाही.

प्रश्न : आम्ही सातजण दर रविवारी सकाळी एका शाळेच्या चित्रकला वर्गात जमतो. आळीपाळीने एकजण बसतो, बाकीचे काढतात. शेवटी सर्व चित्रे भिंतीला टेकवून पाहतो. अडचण अशी, की काहीजण प्रत्येक चित्राला ‘छान’ म्हणतात आणि एकदोघे इतके कठोर बोलतात की आमच्यातील एक ताई आता येईनाशा झाल्या आहेत. आमच्यात कोणी शिक्षक नाही. हे कसे चालवावे? (सातारा)

उत्तर : शिक्षक नसणे ही उणीव आहे, तरी त्यामुळे सराव थांबत नाही. पॅरिसमधील ग्रांद शोमिएर ही संस्था १९०४ सालची. तेथे मॉडेल असते, वेळ ठरलेली असते, आणि चित्रे तपासायला कोणीही शिक्षक नसतो अशी खुली सत्रे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. अमृता शेरगिल १९२९ साली पॅरिसला गेल्या तेव्हा प्रथम याच संस्थेत शिकल्या. एकत्र बसून काढण्यात स्वतःची अशी एक शिस्त असते. घरी अर्ध्या तासात सोडून दिले असते ते चित्र शेजारचा माणूस खाली मान घालून काम करत असल्यामुळे आपण पुरे करतो.

तुमच्या अडचणीचे मूळ, मला वाटते, बोलण्याच्या वेळेत आहे. तुम्ही चित्रे शेवटी, बसणारा उठून गेल्यावर पाहता. त्या वेळी तुलनेसाठी समोर काहीच नसते, म्हणून बोलणे चित्राविषयी न राहता चित्र काढणाऱ्याविषयी होऊ लागते: तुमचा हात चांगला आहे, तुम्हाला प्रमाण कळत नाही, वगैरे. यांतील कौतुक आणि टीका दोन्ही सारखीच निरुपयोगी आहेत. त्याऐवजी पोझ अजून चालू असताना, मधल्या विश्रांतीनंतर बसणारा पुन्हा जागेवर आला की, पाच मिनिटे द्या आणि ज्याला हवे असेल त्याने शेजाऱ्याला आपल्या जागेवर बसवून विचारावे. आपल्या जागेवर बसवणे महत्त्वाचे आहे, कारण दोन फूट बाजूला बसलेल्याला दिसणारा चेहरा वेगळा असतो आणि तेथून दिलेला सल्ला चुकीचा ठरतो. मग ‘कान खाली गेला आहे’ असे शेजाऱ्याने म्हटले तर दोघांनाही समोर पाहून ते पडताळता येते. भुवईची पातळी आणि नाकाचा शेंडा यांच्या दरम्यान कान येतो का, पेन्सिल आडवी धरली की कळते. जे मोजता येते ते कोणाला लागत नाही.

दुसरे असे, की शेरा देण्याआधी चित्रकाराला विचारावे की त्याचा आज प्रयत्न कशाचा होता. कोणी फक्त डोक्याचा कल आणि मोठ्या छाया यांवर काम करत असेल तर त्याला ओठ नीट आले नाहीत असे सांगण्यात काय अर्थ आहे? प्रश्न विचारला की ऐकणाऱ्याचेही लक्ष योग्य ठिकाणी जाते. एका बैठकीत एका चित्राविषयी एकच दुरुस्ती सांगावी. चार सांगितल्या तर चारही निसटतात. दुसऱ्याच्या कागदावर रेघ कधीही मारू नये. पूर्वी गुरुजी विद्यार्थ्याच्या चित्रावरच दुरुस्ती करत आणि ते त्या नात्यात शोभत असे. बरोबरीच्या माणसांत ते शोभत नाही. दाखवायचेच असेल तर स्वतःच्या वहीच्या कोपऱ्यात लहानसे रेखाटन करून दाखवावे.

ज्या ताई येत नाहीत त्यांना गटातर्फे निरोप पाठवू नका. ज्यांच्या बोलण्याने त्या दुखावल्या त्यांनीच फोन करावा आणि पुढच्या रविवारी त्यांच्यासमोर बसण्याची तयारी दाखवावी. हे मी केवळ समेटासाठी सांगत नाही. तुम्ही आळीपाळीने बसता, ही तुमच्या गटातील सर्वांत चांगली गोष्ट आहे आणि तिचे महत्त्व तुम्ही पत्रात पुरेसे ओळखलेले दिसत नाही. स्वतः तासभर बसलेल्या माणसाला मान हळूहळू कशी खाली येते, हसरा चेहरा वीस मिनिटांत कसा सैल पडतो आणि सहाजणांच्या नजरा अंगावर असताना मनात काय चालते, हे अनुभवाने कळलेले असते. असा माणूस पुढच्या वेळी समोरच्याचा थकलेला चेहरा चित्रात ‘रागीट’ करत नाही, आणि शेजाऱ्याच्या चित्राविषयी बोलतानाही त्याचा सूर बदलतो. सर्वांत कठोर बोलणाऱ्याची पाळी चुकत असेल तर ती चुकू देऊ नका.

बसणाऱ्याने चित्रे पाहून ‘मी असा दिसतो का?’ असे विचारले तर ते हसण्यावारी न नेता आभार मानावेत. त्याने आपला वेळ दिलेला असतो. त्याला एखादे चित्र आवडले तर त्याची प्रत द्यावी, आणि न आवडलेले चित्र त्याच्या परवानगीवाचून कोठेही प्रसिद्ध करू नये.

तुम्ही साताऱ्याचे आहात म्हणून एक सुचवतो. सगळ्यांनी मिळून औंधच्या श्री भवानी संग्रहालयात एक दिवस घालवा. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या या संग्रहात राजा रविवर्मा, महादेव धुरंधर यांच्यासारख्यांची मूळ चित्रे आहेत. एकेका चित्रासमोर उभे राहून सर्वांत गडद छाया कोठे आहे, कडा कोठे स्पष्ट आणि कोठे विरघळलेली आहे, एवढेच आपसात बोला. जे आपल्यापैकी कोणाचेही नाही अशा चित्राविषयी बोलता बोलता नेमके बोलण्याचा सराव होतो, आणि तो रविवारी कामी येतो.

प्रश्न : मी कॉमर्सची विद्यार्थिनी आहे, पण मला मानवाकृती शिकायची आहे. विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास केल्याशिवाय आकृती येत नाही असे ऐकते. येथे तसा वर्ग नाही, आणि असता तरी घरून परवानगी मिळाली नसती. मग मी हे सोडून द्यावे का? (रत्नागिरी)

उत्तर : मुळीच सोडू नका. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची स्थापना १८५७ सालची. तेथे विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचा लाइफ क्लास शाळेचे तेव्हाचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९-२० च्या सुमारास सुरू झाला. त्याआधीच्या अर्धशतकाहून अधिक काळात ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतिकृती आणि वस्त्रधारी मॉडेल यांवरच विद्यार्थी तयार झाले, आणि धुरंधर त्याच काळातील. लाइफ क्लासचे मोल मोठे आहे हे मी नाकारत नाही. कातडीखालचा स्नायू हलताना दिसणे याला पर्याय नाही, आणि पुढे कधी संधी मिळाली तर ती अवश्य घ्या. पण मानवाकृतीत प्रथम शिकायचा असतो तो तोल, आणि तो कपड्यांतील माणसातही पूर्ण दिसतो.

उभ्या माणसाचे वजन कोणत्या पायावर आहे हे आधी शोधा. वजन एका पायावर आले की त्या बाजूचा कमरेचा भाग वर उचलला जातो आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो वजन पेलणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ येतो. चित्रातील आकृती पडेल असे वाटत असेल तर हा ओळंबा तपासावा. पंढरीचा विठ्ठल समचरण उभा आहे, दोन्ही पावलांवर सारखे वजन, म्हणून कंबर आणि खांदे समांतर. बासरी वाजवणारा कृष्ण त्रिभंगात उभा, म्हणून मान, कमर आणि गुडघा या तिन्ही ठिकाणी दिशा बदलते. या दोन मूर्ती शेजारी शेजारी, प्रत्येकी दोनच मिनिटांत, केवळ खांद्यांची, कमरेची आणि पायांची रेषा घेऊन काढून पाहा. मग मिरकरवाड्याच्या बंदरावर जा. पाटी डोक्यावर घेतलेली कोळीण, वाकून जाळे ओढणारा खलाशी, बाकावर पाय दुमडून बसलेले आजोबा: यांत वजन कोठे आहे, पाठीचा कणा कसा वळला आहे, एवढेच टिपा. नऊवारीचा कासोटा, लुंगीची गाठ, खांद्यावरचा पदर या वस्त्रांना जेथे ताण पडतो तेथे आत हाड किंवा सांधा असतो, आणि जेथे घडी सैल पडते तेथे अवयव सुटलेला असतो. वस्त्र अशा रीतीने शरीर सांगतही असते.

लोक हलतात म्हणून निराश होऊ नका. एका पानावर चार-पाच अपुरी रेखाटने सुरू ठेवा. कामकरी माणूस तीच हालचाल पुन्हा करतो, तेव्हा त्या त्या रेखाटनाकडे परत या. घरी आल्यावर त्यांतील एक आकृती आठवणीने पुरी करा. शालेय परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो तो याच क्षमतेसाठी. कोणी पाहिले आणि विचारले तर वही दाखवा, आणि नको म्हटले तर लगेच थांबा. एकटीने जाण्यापेक्षा मैत्रिणीला, मग ती चित्र काढणारी नसली तरी, सोबत घ्या. हात आणि पावले यांच्यासाठी तर बाहेरही जावे लागत नाही. स्वतःचा डावा हात आणि आरसा आहेच.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील सुरक्षारक्षक काका आमच्या गटासाठी बसायला तयार आहेत. त्यांना किती वेळ बसवावे? पैसे द्यावेत का? (डोंबिवली)

उत्तर : पैसे अवश्य द्यावेत, आधी ठरवून द्यावेत आणि चित्र कसे झाले यावर ते अवलंबून ठेवू नयेत. सर्वांनी वर्गणी काढली की कोणावर भार पडत नाही. ज्याची नोकरी आपल्या सोसायटीत आहे त्याला नकार देणे अवघड जाते; म्हणून ‘नाही म्हणालात तरी चालेल’ असे स्पष्ट सांगा आणि बैठक त्यांच्या कामाच्या वेळेबाहेर ठेवा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी बसवू नये.

बसलेल्या पोझला वीस ते पंचवीस मिनिटे आणि मग पाच मिनिटे विश्रांती, असे ठेवावे. उभ्या पोझला वेळ कमी करावा, आणि गुडघे ताठ करून उभे राहू नका असे सांगावे. त्यामुळे चक्कर येऊ शकते. हात वर उचललेली पोझ एक-दोन मिनिटांच्या क्विक स्केचसाठीच ठीक. विश्रांतीपूर्वी पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा कराव्यात, नजर लावण्यासाठी भिंतीवर एक ठिकाण ठरवून द्यावे. पंखा, पाणी, मध्ये चहा, आणि ‘हलू नका’ असे वारंवार न सांगणे. जो मोकळेपणाने बसतो त्याचाच चेहरा काढण्यासारखा असतो.

प्रश्न : कोळसा घ्यावा की पेन्सिल? (कराड)

उत्तर : पेन्सिलने बारीक कामात गुंतण्याचा मोह होतो, म्हणून मोठ्या छाया शिकेपर्यंत कोळसा. अर्ध्या इंपिरियल आकाराचा (सुमारे १५ × २२ इंच) साधा कार्ट्रिज कागद, विलो कोळशाच्या काड्या, पुटी रबर (मळून आकार देता येणारे मऊ खोडरबर) आणि जुने सुती फडके पुरेसे आहे. रोजच्या वहीसाठी ४बी पेन्सिल असू द्या.

प्रश्न : मूळ व्यक्तिचित्रे पाहावीत असे सगळे सांगतात. गोव्यात ती कोठे पाहायला मिळतील? (म्हापसा)

उत्तर : पणजीला फोंतेन्यासमध्ये फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आंतोनियु शावियेर त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह आहे. गोव्यात जन्मलेले त्रिंदाद मुंबईच्या कलाशाळेत शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. त्यांच्या कन्या अँजेला त्रिंदाद यांचीही चित्रे तेथे आहेत. त्रिंदादांनी पत्नीची आणि घरातील माणसांची चित्रे वारंवार काढली. अंधाऱ्या पार्श्वभूमीतून चेहऱ्याची एकच बाजू ते कशी पुढे आणतात, आणि छायेतील बाजूची कड जवळजवळ नाहीशी करूनही चेहरा पूर्ण कसा वाटतो, हे छापील प्रतीत कळत नाही. जाण्यापूर्वी दालन उघडे आहे का याची चौकशी करा आणि आत पेन्सिलने रेखाटन करण्याची परवानगी विचारून घ्या. एका भेटीत एकच चित्र निवडा. आधी लांबून त्यातील मोठ्या छाया तळहाताएवढ्या आकारात काढा, मग जवळ जाऊन रंगाचे फटकारे कोणत्या दिशेने गेले आहेत ते पाहा, आणि पुन्हा मागे येऊन आपले रेखाटन दुरुस्त करा.